लोहाची गोळी : कोणती घ्यावी, कशी घ्यावी

(द्वितीय वर्ष, कला)

रक्तदान करावयाचे असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे लागते. हा आकडा आमच्या वर्गातील मुलींना कळला तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात. मोठ्या उत्साहाने आम्ही अकराजणी रांगेत उभ्या राहिलो, बोटाला सुई टोचून घेतली आणि त्यांपैकी आठजणी रक्त न देताच परत आल्या. मुलगे मात्र एकामागून एक आत जात होते. परतलेल्या मुलींना त्या दिवशी सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. कोणी म्हणाले बीट खा, कोणी खजूर, कोणी पालक, कोणी अमुक टॉनिक. 'लोहाच्या गोळ्या घ्या' असेही दोघांतिघांनी सांगितले. पण कोणती गोळी, कशाबरोबर, किती दिवस, हे कोणालाच सांगता आले नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही हा विषय मी लिहायला घेतला, कारण शास्त्र शाखेच्या मैत्रिणीसुद्धा त्या दिवशी गप्पच होत्या, आणि दुसरे असे की हा प्रश्न आमच्या घरातही येऊन बसलेला होता.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे फार तर एका खिळ्याइतके. त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचे काम तेच करते. ते कमी पडले की जिना चढताना धाप लागते, डोके जड होते, तासाला बसल्याबसल्या डोळे मिटू लागतात. काहींना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. असल्या सवयीची घरात थट्टा होते, पण ते लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. सबंध देशाचा आकडा ५७ टक्के होता. तेव्हा आमच्या रांगेत जे घडले त्यात नवल असे काही नाही.

मुलींतच हे प्रमाण एवढे का, याचे पहिले उत्तर मासिक पाळी हे आहे. हा शब्द वार्षिकात लिहावा की नाही याबद्दल आमच्यात थोडी चर्चा झाली. परंतु ज्यामुळे महिन्याच्या महिन्याला लोह जाते त्याचे नावच न घेता लोहावर लेख कसा लिहावयाचा? ज्यांना स्राव फार होतो त्यांनी तर गोळीच्या आधी त्याचीच तपासणी करून घ्यावी. फुटक्या रांजणात किती घागरी ओतणार? मूळव्याध आणि शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शिरणारे अंकुशकृमी हीसुद्धा अशीच भोके होत. शाळेत वर्षातून दोनदा जंतांची गोळी देतात ती उगाच नव्हे.

दुसरे उत्तर ताटात आहे. आपली ज्वारी लोहाच्या बाबतीत काही गरीब धान्य नाही. शेंगाची चटणी, डाळ, पालेभाजी यांतही लोह आहे. पण वनस्पतींतले लोह शरीर फार कंजूषपणे घेते. शंभरातले पाच-दहा भाग घेते आणि उरलेले तसेच बाहेर जाते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचा पदार्थ ते धरून ठेवतो. म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. आत पोचायचे असतात दोन-एक मिलिग्रॅम, त्यासाठी ताटात एवढे वाढावे लागते! जेवणात लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा, आंबट आमटी लोखंडी कढईत करावी, मोड आणून कडधान्ये खावीत. हे सर्व करावेच. पण एकदा हिमोग्लोबिन आठ-नऊवर आले की केवळ भाकरी-पालकावर ते भरून येत नाही. त्या वेळी गोळीच घ्यावी लागते.

आता गोळीकडे वळू. माझी आई विड्या वळते. सकाळी पान कापावयास बसली की दुपारपर्यंत तिच्या मांडीवरचे सूप खाली उतरत नाही. गेल्या वर्षी तिला उठताना चक्कर येऊ लागली. शेजारच्या मावशींनी एका टॉनिकचे नाव सांगितले. आईने मेडिकलमधून बाटली आणली आणि जवळजवळ एका दिवसाची मजुरी तीत गेली. बाटलीवर डाळिंबाचे चित्र होते. मी तिच्यावरील बारीक अक्षरे वाचली. त्यात जीवनसत्त्वे होती, साखर होती, रंग होता. लोहाचा आकडा मात्र शोधून काढावा लागला. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका गोळीच्या चौथाईइतकाही नव्हता.

गोळी निवडताना पाहावयाचे ते इथेच. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वजन बहुधा लोहाच्या क्षाराचे असते, लोहाचे नव्हे. क्षारात निव्वळ लोह किती आहे त्याला 'एलिमेंटल आयर्न' म्हणतात आणि आपल्याला हवा असतो तो हा आकडा. सुकवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅम गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असते. फेरस फ्युमरेटच्या २०० मिलिग्रॅममध्येही साधारण तितकेच. फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅम गोळीत मात्र ३५ च्या आसपास. म्हणजे ३०० ची गोळी २०० च्या गोळीपेक्षा निम्मीच निघाली! आजकाल खाजगी डॉक्टर पुष्कळदा फेरस ॲस्कॉर्बेट लिहून देतात. त्याच्या पाकिटावर बहुधा 'एवढ्या एलिमेंटल आयर्नइतके' असे स्पष्ट छापलेले असते, ही त्यातली सोय. काहींना ती गोळी पोटाला हलकीही वाटते. किंमत मात्र जास्त असते.

महाग गोळी चांगली आणि फुकटची गोळी कमअस्सल अशी आपली एक समजूत आहे. सरकारी गोळी 'जुन्या पद्धतीची' म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षितही मी पाहिले. ती जुनी आहे हे खरेच. फेरस सल्फेट म्हणजे आपल्या जुन्या रंगाऱ्यांचा हिराकस. १८३२ साली ब्लो नावाच्या फ्रेंच वैद्याने हिराकस व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या करून फिकट पडलेल्या तरुण मुलींना दिल्या, तेव्हापासून ती चालत आली आहे. (आयुर्वेदात पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर त्याहूनही कितीतरी आधीपासून आहेत. मात्र ती जाणत्या वैद्याच्या हातूनच घ्यावीत, बाजारात गाठोडे सोडून बसलेल्या माणसाकडून नव्हे.) जुनी असली तरी तिच्याहून सरस गोळी सापडली आहे असे मात्र नाही. २०१७ साली अमेरिकेतील डॅलस येथे रक्तक्षय झालेल्या लहान मुलांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाला साधे फेरस सल्फेट आणि दुसऱ्या गटाला चवीला बरे असे पॉलिसॅकराइड प्रकारचे लोह दिले होते. हिमोग्लोबिन अधिक वाढले ते साध्या फेरस सल्फेटने. 'हळूहळू विरघळणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचेही असेच आहे. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. गोळी तो भाग ओलांडून पुढे जाऊन विरघळली तर तिचा काय उपयोग?

सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. २०१८ पासून चाललेल्या 'ॲनिमियामुक्त भारत' मोहिमेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी आणि मोठ्या स्त्रियांना लाल गोळी असे ठरले आहे. गरोदर बायकांनी ही लाल गोळी रोज घ्यावयाची असते. शाळेत निळ्या गोळीवर आम्ही काय काय विनोद केले ते इथे लिहीत नाही. पण आठवड्याची ती एक गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. झालेला रक्तक्षय तिने बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टर वेगळे प्रमाण ठरवतात.

त्या गोळीतील फॉलिक ॲसिडची हकिगत आपल्या महाराष्ट्रातील आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जो भयंकर रक्तक्षय होई, त्याचे कारण त्या शोधत होत्या. हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. या रक्तक्षयावर लोहाचा काही परिणाम होत नव्हता. पण यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाने पावाला लावून खातात तो स्वस्त पदार्थ, दिल्यावर बायका सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला पुढे कित्येक वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले व पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. विल्स फॅक्टर म्हणजे हेच, असे नंतर ठरले. पालकाने आपल्याला लोह थोडेच दिले, पण ही दुसरी वस्तू दिली. गिरण्यांच्या सोलापुरात राहणाऱ्या मला तरी ही हकिगत परकी वाटत नाही.

आता गोळी गिळावी कशाबरोबर? याचे उत्तर पुन्हा रंगाऱ्यांकडेच मिळते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळा रंग तयार होतो, शाईही पूर्वी अशीच करीत. हिरड्यात टॅनिन असते, ते लोहाला घट्ट धरते आणि काळे होते. चहातही टॅनिनच्याच जातीची द्रव्ये आहेत. मुदत संपलेली एखादी गोळी वरचा रंग धुऊन चुरावी आणि कोऱ्या चहात टाकून पाहावी. चहा शाईसारखा काळवंडतो. जी शाई पेल्यात होते तीच पोटात होते, आणि शाईत अडकलेले लोह रक्तात जात नाही. आपल्याकडे दिवस चहानेच उजाडतो. विड्या वळणाऱ्या बायका तर हाताला विसावा म्हणून दिवसातून चारदा चहा घेतात. गोळी पुष्कळजणी चहाबरोबरच गिळतात, कारण त्या वेळी पेला हातात असतो. गोळीच्या आधी आणि नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नको, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झाले.

दूध आणि कॅल्शियमची गोळी यांचेही तेच. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या मिळतात, त्या दोन वेगळ्या वेळी घ्यावयाच्या असतात. एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाच्या आड येते. आम्लपित्तावरील औषधांनीही लोहाचे शोषण कमी होते. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. काही प्रतिजैविके लोहाबरोबर घेतल्यास ती स्वतःच निकामी होतात, म्हणून दुसरे कोणतेही औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. लिंबूपाण्याबरोबर गोळी घेण्याची पद्धत चांगली आहे. मात्र क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी विकत घेण्याचे कारण दिसत नाही. २०२० साली चीनमधील एका चाचणीत तशी गोळी जोडून दिल्याने हिमोग्लोबिनमध्ये काही विशेष फरक पडला नाही. लिंबू घरात असतेच.

उपाशीपोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी गोळी घेतल्यास लोह सर्वांत चांगले शोषले जाते. पण उपाशीपोटी अनेकांना मळमळते, पोटात ढवळते. अशांनी जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्यावी. थोडे कमी शोषले गेले तरी चालेल. उलटून पडलेल्या किंवा कोनाड्यात लपवून ठेवलेल्या गोळीपेक्षा ते बरे. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये, ते न शोषलेले लोह असते. मात्र ते डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बद्धकोष्ठ झाले तर पाणी आणि भाजी वाढवावी. 'गोळी उष्ण पडते' असे म्हणून बंद करणाऱ्यांना बहुधा यांतलाच काही त्रास झालेला असतो. तो त्रास खरा असतो. त्यावर प्रमाण कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसऱ्या क्षाराची गोळी घेणे असे मार्ग आहेत आणि ते डॉक्टरांना विचारता येतात.

एक नवी गोष्ट मला फार मौजेची वाटली. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडते आणि आतड्याचे दार सुमारे दिवसभर ओढून घेते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी दाराबाहेरच राहते. झुरिच येथील संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना एका गटात रोज आणि दुसऱ्या गटात एक दिवसाआड, अशा तेवढ्याच गोळ्या दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत रोज घेणाऱ्यांत १६.३ टक्के, तर एक दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के लोह शोषले गेले. म्हणून अनेक डॉक्टर आता सौम्य कमतरतेत एक दिवसाआड गोळी देतात. दिवसातून दोनदा-तीनदा गोळी घेतल्याने तिप्पट लाभ होत नाही, हे यावरून कळते. गरोदर बायकांनी मात्र हे वाचून रोजची गोळी सोडू नये. त्यांना दिलेला क्रम वेगळा आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न किती दिवस हा आहे. आईचे हिमोग्लोबिन तपासले तेव्हा ८.४ भरले. डॉक्टरांनी साध्याच गोळ्या दिल्या. महिन्याने ते ९.७ झाले, साडेतीन महिन्यांनी १२.१. गोळी लागू पडत असेल तर महिन्यात एक-दोन ग्रॅमची वाढ दिसावी असे धरतात, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. चक्कर तर दुसऱ्याच महिन्यात थांबली होती. आणि तेव्हापासून आईचे सुरू झाले, "बरं वाटायलंय की आता, कशाला उगं गोळ्या गिळायच्या?" मी तिला धान्याच्या कणगीचे उदाहरण दिले. रोजच्या भाकरीपुरते पीठ दळून आले म्हणून कणगी भरत नाही. शरीरातही लोहाची एक कणगी असते. फेरिटिन नावाच्या तपासणीने तिच्यात किती शिल्लक आहे ते कळते. हिमोग्लोबिन आधी भरते, कणगी मागाहून. म्हणून हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही आणखी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. नाहीतर दोन-चार पाळ्यांत पुन्हा पहिले पाढे. आईला कणगी पटली, पण रोजची आठवण काही राहीना. मग गोळ्यांचे पाकीट विडीच्या पानांच्या फडक्यात ठेवले. पाने भिजवावयास फडके सोडले की पाकीट हाती येते, आणि तो तिच्या चहाचा वेळ नसतो.

उलटही घडते. हिमोग्लोबिन ठीक असूनही कणगी रिकामी असू शकते, आणि तशा मुलींना थकवा येतो. पण फेरिटिनची तपासणी खर्चाची आहे आणि ताप किंवा संसर्ग असला तर तिचा आकडा खोटाच मोठा दिसतो, तेव्हा ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच करावी.

महिनाभर नीट गोळी घेऊनही आकडा हलला नाही तर गोळ्यांचे नाव बदलत बसू नये. कारण दुसरेच असू शकते. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता पुष्कळ असते आणि ती लोहाने भरत नाही. थॅलेसेमियाचा गुण अंगात असणाऱ्यांचे हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडे कमी असते. त्यांना लोह कमी नसताना वर्षानुवर्षे लोह देत राहिल्यास ते शरीरात साठून अपायच होतो. हा गुण कळण्यासाठी रक्ताची एक वेगळी तपासणी आहे आणि लग्नाआधी ती करून घेणे मुलगा-मुलगी दोघांच्याही हिताचे आहे. पुरुषांना पाळी नसते. तेव्हा एखाद्या काकांचे किंवा आजोबांचे लोह कमी निघाले तर पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का हे आधी पाहिले पाहिजे, टॉनिकवर वेळ घालवू नये. ज्यांना गोळी अजिबात सोसत नाही किंवा ज्यांचे हिमोग्लोबिन फारच खाली गेले आहे, त्यांना शिरेतून लोह देतात. ते रुग्णालयातच घ्यावयाचे असते.

एक सावधगिरी राहिली. या गोळ्यांवर साखरेचा रंगीत लेप असतो आणि लहान मुलांना त्या चॉकलेटसारख्या दिसतात. मूठभर गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर जीवावर बेतू शकते. तसे झाले तर मूल बरे दिसत असले तरी वाट न पाहता पाकिटासह सिव्हिल किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. आमच्याकडे शेजारची दोन लहान मुले दिवसभर घरात असतात. म्हणून आता पानांचे ते फडके, पाकिटासकट, खुंटीला उंच टांगलेले असते.